करून देणं आणि करू देणं

मागच्या वर्षी मार्चमध्ये रात्री साडेनऊला वहिनींचा फोन आला. "ताई, नाही घेतलं मला," एवढंच म्हणाल्या आणि गप्प झाल्या. मागे कुकरची शिट्टी झाली. "तिसरी झाली, एक मिनिट हं," म्हणत त्या गेल्या, गॅस बंद करून आल्या आणि मग रडल्या.

या शिट्टीला पुढे काम आहे, म्हणून ती आधीच सांगून ठेवली.

आमच्या न्यू जर्सीच्या मराठी मंडळात त्यांना सगळेच वहिनी म्हणतात. माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी लहान आहेत, तरी मीही वहिनीच म्हणते आणि अहो-जाहो करते. माहेर मिरजेचं, शिक्षण बी.कॉम., लग्नानंतर पुणे आणि आता नऊ वर्षं एडिसन. वय ३९. नवरा आयटीत, मुलं दोन, धाकटं तिसरीत. त्यांनी ऑक्युपेशनल थेरपी असिस्टंटच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला अर्ज केला होता आणि कॉलेजने तो नाकारला होता. मी स्वतः ऑक्युपेशनल थेरपिस्ट. मुंबईत शिकले आणि गेली वीसेक वर्षं इथे काम करते. पुढचे चौदा महिने मी त्यांच्या तयारीत होते. त्यांना विचारूनच हे लिहिते आहे, आणि ओळखू येतील अशा खुणा बदलल्या आहेत.

काम नेमकं कसलं

आपल्याकडे सरकारी मराठीत ऑक्युपेशनल थेरपीला व्यवसायोपचार म्हणतात. त्यामुळे मी लोकांना नोकऱ्या लावून देते असं माझ्या आत्याला शेवटपर्यंत वाटत राहिलं. इथला 'व्यवसाय' म्हणजे माणूस दिवसभर ज्यात ज्यात गुंतलेला असतो ते सगळं: दात घासणं, नाडी बांधणं, फोडणी घालणं, सही करणं, नातवाचे केस विंचरणं. अर्धांगवायू, मोडलेलं खुब्याचं हाड, पार्किन्सन्स अशा कशाने यातलं काही हातून सुटलं, की ते परत हाताशी आणायचं, नाही जमलं तर वेगळ्या रीतीने करायला शिकवायचं. भारतात याची पहिली शाळा १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात निघाली. ती काढली कमलाबाई निंबकर यांनी. त्या जन्माने अमेरिकन, माहेरच्या एलिझाबेथ लंडी. त्या अमेरिकेत हे शिकून मुंबईत राहिल्या आणि मी मुंबईत शिकून अमेरिकेत राहिले. हिशेब तसा बरोबरीत सुटला म्हणायचा.

इथे पूर्ण थेरपिस्ट व्हायला मास्टर्स किंवा डॉक्टरेट लागते. थेरपिस्ट रुग्णाला तपासतो, उद्दिष्टं ठरवतो, योजना लिहितो. असिस्टंट ती योजना रुग्णासोबत रोज राबवतो, नोंदी ठेवतो आणि काय चालतंय, काय चालत नाही ते थेरपिस्टला कळवतो. त्यासाठी साधारण दोन वर्षांची असोसिएट पदवी पुरते, आणि ती बऱ्याचदा कम्युनिटी कॉलेजातच मिळते. मात्र त्या अभ्यासक्रमाला एकोट या अभ्यासक्रम तपासणाऱ्या संस्थेची मान्यता हवी. ती नसेल तर एनबीसीओटीच्या राष्ट्रीय परीक्षेला बसता येत नाही आणि दोन वर्षं पाण्यात जातात. शेवटी किमान १६ आठवडे पूर्णवेळ, बिनपगारी प्रत्यक्ष काम करावं लागतं. मग परीक्षा. त्यात ३०० ते ६०० च्या मोजपट्टीवर ४५० गुण हवेत. त्यानंतर राज्याचा परवाना. एवढं सगळं पार पडलं की नावापुढे सीओटीए, म्हणजे सर्टिफाइड ऑक्युपेशनल थेरपी असिस्टंट, असं लागतं. इथे त्याचा उच्चार 'कोटा' करतात. वहिनींच्या नवऱ्याला पहिले काही दिवस राजस्थानातले आयआयटीचे क्लासच डोळ्यांसमोर येत होते.

घरातल्यांचा विरोध उच्चारावर नव्हता. पुण्याहून मोठ्या नणंदेचा फोन आला होता: "एवढी शिकलेली तू, आणि तिथे जाऊन आयाचं काम करणार?" ज्या कामात रुग्णाला न्हाणीघरात आणि संडासात न्यावं लागतं ते काम आपल्याकडे कुणाचं मानतात, हे मी वेगळं सांगायला नको. वहिनींना हा प्रश्न लागला होता. मी त्यांना म्हटलं, आयाबाईंच्या कामाला नावं ठेवायचं कारण नाही, पण फरक समजून घ्या. नर्सिंग असिस्टंट आंघोळ घालते कारण आंघोळ व्हायला हवी. तुम्ही त्याच न्हाणीघरात उभ्या राहाल ते ती बाई स्वतः आंघोळ करू लागावी म्हणून. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं, आणि तिथेच बहुतेकांची फसगत होते. वहिनींचीही झाली होती, पण ते मला नंतर कळलं.

कागदावर सगळं ठीक होतं

नकाराचं पत्र आलं तेव्हा मी त्यांची फाइल मागवली. मला वाटलं होतं गुण कमी पडले असतील. तसं काहीच नव्हतं.

मिरजेच्या बी.कॉम.चं विषयवार मूल्यांकन त्यांनी वेळेत करून घेतलं होतं. त्यातून स्टॅटिस्टिक्सचं क्रेडिट मिळालं. इंग्रजी लेखन, मानसशास्त्र आणि माणसाच्या आयुष्यभराच्या वाढीचा अभ्यास हे विषय त्यांनी इथे नव्याने केले. शरीररचना आणि शरीरक्रिया हा विषय दोन सत्रांचा, प्रयोगशाळेसकट. त्यात एकदा बी-प्लस आणि एकदा ए. बारावी कॉमर्समधून केलेली बाई, विज्ञान सुटलं ते दहावीलाच. त्यातून ए मिळवणं सोपं नाही.

कसं जमवलं ते विचारलं तेव्हा त्यांनी वही दाखवली. मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसांचं जाळं, ब्रेकियल प्लेक्सस, हा या अभ्यासातला सगळ्यांना रडवणारा भाग. पाच मुळं, त्यांची तीन खोडं, खोडांचे सहा फाटे, फाट्यांच्या पुन्हा तीन दोऱ्या आणि शेवटी हातात उतरणाऱ्या पाच मुख्य नसा. वहिनींनी त्याचं मिरज जंक्शन केलं होतं. मिरजेला एके काळी तिन्ही मापांचे रूळ यायचे. पुणे-कोल्हापूर ब्रॉडगेज, लोंढ्याकडची मीटरगेज, आणि पंढरपूर-कुर्डुवाडीवरून लातूरला जाणारी नॅरोगेज. तीन रूळ म्हणजे तीन खोडं, आणि कोणत्या फलाटावर कोण कुणाला मिळतं ते सहा फाटे. वडील रेल्वेत होते, त्यामुळे नकाशा पोटात होता. मनगट लुळं पाडणारी रेडियल नस त्यांच्या वहीत 'बेळगाव पॅसेंजर' आहे. का, ते मला अजून कळलेलं नाही, पण परीक्षेत ती त्यांनी एकदाही चुकवली नाही.

तर गुण होते, निबंध होता, एका प्राध्यापिकेचं शिफारसपत्र होतं. राहिला निरीक्षणाच्या तासांचा कागद. बऱ्याच कॉलेजांना अर्जाआधी काही तास प्रत्यक्ष काम बघून यावं असं हवं असतं. वहिनींच्या कॉलेजला ४० तास हवे होते, दोन वेगळ्या ठिकाणी. शाळेतल्या २० तासांचा शेरा उत्तम होता. वृद्धांच्या पुनर्वसन केंद्रातल्या २० तासांवर तिथल्या असिस्टंट बाईंनी सहीखाली एक ओळ लिहिली होती. तिचा मतलब असा: मनमिळाऊ आहेत, कष्टाळू आहेत, पण थांबता येत नाही. खाली एक तारीख होती.

"त्या दिवशी काय झालं?" मी विचारलं.

एक गुजराती आजी होत्या. अर्धांगवायूने डावा हात गेलेला. असिस्टंटने त्यांना समोर स्वेटर ठेवून घालायला सांगितलं होतं. आजींनी डाव्या हाताची बाही शोधली, हात अर्धा गेला, अडकला. पुन्हा काढला. पुन्हा घातला. वहिनींच्या हिशेबाने पाच मिनिटं गेली, खरं तर दोनच गेली असतील. आजींनी वहिनींकडे बघितलं आणि गुजरातीत काहीतरी पुटपुटल्या. वहिनी उठल्या, बाही सरळ केली, हात घातला, बटणं लावली, आजींच्या गालाला हात लावला. आजी खूश झाल्या. असिस्टंट बाई काही बोलल्या नाहीत, त्यांनी घड्याळाकडे बघितलं आणि वहीत लिहिलं.

मला खोलीचा नंबरही सांगायला लागल्या होत्या, तो मी मधेच थांबवला. रुग्णाची ओळख पटेल असं काहीही बाहेर बोलायचं नसतं. १९९६ च्या हिपा कायद्याने ते इथे फार कडक आहे, आणि एडिसनसारख्या गावात 'गुजराती आजी, अमुक केंद्र, तमुक खोली' एवढ्यावर हळदीकुंकवाला सून शोधून काढतील.

निरीक्षणाला आलेल्या माणसाने रुग्णाला हात लावायचाच नसतो. आजी पडल्या असत्या, खांदा दुखावला असता, तर जबाबदार कोण? पण नियम मोडला ही छोटी गोष्ट. त्या असिस्टंट बाईंची दहा दिवसांची मेहनत त्या दोन मिनिटांसाठी चालली होती. अडकणं, काढणं, पुन्हा घालणं हाच त्या दिवसाचा उपचार होता, आणि तो वहिनींनी प्रेमाने बंद पाडला.

"पण ताई, त्या बिचाऱ्या..." वहिनी म्हणाल्या. मी त्यांना पुढे बोलू दिलं नाही. आता वाटतं, बोलू द्यायला हवं होतं.

ताटाची डावी बाजू

वहिनी या वाटेला लागल्या त्या सासूबाईंमुळे. त्याआधीच्या वर्षी पुण्यात सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. मेंदूच्या उजव्या बाजूला, म्हणून डावं अंग गेलं. वहिनी धाकट्याला घेऊन सात महिने कोथरूडच्या घरी राहिल्या. उठवणं, बसवणं, न्हाऊ घालणं, भरवणं, वेणी घालणं सगळं त्यांनीच केलं. फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून तीनदा यायचा. अख्खी सोसायटी म्हणायची, सून असावी तर अशी. तेव्हाच त्यांना वाटलं, आपल्याला हे जमतं, हेच शिकावं. अर्जाबरोबरच्या निबंधाचं पहिलं वाक्यही सेवेबद्दलच होतं.

एप्रिलच्या एका शनिवारी मी त्यांच्याकडे जेवायला होते. बोलता बोलता वहिनी म्हणाल्या, "आईंची चवच गेली हो त्या झटक्यात. आधी चटणीशिवाय घास उतरायचा नाही. आजारी पडल्यापासून चटणी, कोशिंबीर, लोणचं कशाला म्हणून बोट लावलं नाही. भाजी-आमटी मात्र सगळी संपवायच्या. आम्ही मग तिखट वाढायचंच बंद केलं."

मी त्यांना म्हटलं, आपलं ताट कसं वाढतात सांगा बघू.

त्या हसल्या. मीठ वरती मधे, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं. उजवीकडे भाजी, आमटी. बोलता बोलता त्यांचा हात हवेत ताट वाढत होता, आणि डावीकडे गेला तेव्हा तिथेच थांबला.

मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली की काही रुग्णांचं डावीकडे लक्षच जात नाही. डोळे धड असतात, नजर असते, पण डावी बाजू जगातून वजा होते. दाढी अर्धी होते, पानाच्या उजव्या अर्ध्यातल्याच ओळी वाचल्या जातात, दाराच्या डाव्या चौकटीवर खांदा आपटतो. पुस्तकांत उदाहरण देतात ते अर्ध्या प्लेटमधलं जेवण तसंच राहिल्याचं. पण त्या प्लेटमध्ये डावीकडे काय ठेवायचं हे ठरलेलं नसतं, म्हणून काहीतरी राहिलंय एवढं तरी दिसतं. आपल्या ताटाला शिस्त आहे. त्या शिस्तीमुळे सासूबाईंच्या आजारावर आवडीनिवडीचं पांघरूण पडलं. सात महिने डॉक्टर, फिजिओ, मुलगा, सून कुणाच्याही ते ध्यानात आलं नाही. मी तिथे असते तर माझ्या आलं असतं का, याची खात्री मी देणार नाही.

थोडा वेळ थांबून वहिनींनी विचारलं, "ताट फिरवलं असतं तर?"

ताट फिरवलं असतं तर त्यांनी चटणी खाल्ली असती आणि भाजी सोडली असती. तेवढ्याने भागत नाही. ताटाच्या डाव्या काठाला लाल पट्टी लावायची आणि प्रत्येक घासाला 'लाल दिसेपर्यंत डावीकडे बघा' असं सांगत जायचं. बोलायला बसताना त्यांच्या डाव्या हाताला बसायचं. अशी कितीतरी साधी कामं आहेत. पण पहिल्या महिन्यानंतर सासूबाईंनी स्वतःच्या हाताने जेवणंच सोडलं होतं. वहिनी भरवायच्या, आणि घास तोंडाशी आयता येत असेल तर ताटाकडे बघायचं कारणच उरत नाही. डाव्या हाताचंही तेच. त्यात थोडी हालचाल परत आली होती, पण त्या हाताला काही काम उरलं नव्हतं. वापरला न गेलेला हात हळूहळू स्वतःला विसरतो. या शास्त्रात त्याला 'शिकलेला न-वापर' म्हणतात.

"म्हणजे मी त्यांचं वाईट केलं?"

मी काहीतरी उत्तर दिलं. त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं, सात महिने त्यांच्यामुळे सासूबाईंना पाठीला जखमा झाल्या नाहीत, न्यूमोनिया झाला नाही, हे सगळं खरं ते सांगितलं. पण प्रश्नाचं उत्तर ते नव्हतं, आणि ते आम्हां दोघींना कळत होतं. नंतर त्यांनी तो प्रश्न मला पुन्हा विचारला नाही.

त्या रात्री निघताना मी एवढंच म्हटलं की वहिनी, तुम्हाला करून देता येतं, आता करू द्यायला शिकायचं आहे. एका 'न'चा फरक. मराठीत तो इतका स्वच्छ दिसतो की इंग्रजीत शिकवताना मला नेहमी अडल्यासारखं होतं.

कुकर

पहिली गोष्ट मी त्यांना दिली ती 'कृतीची फोड'. कुठलंही साधं काम घ्यायचं आणि त्याचे तुकडे करायचे. प्रत्येक तुकड्याला शरीराचं काय लागतं, डोक्याचं काय लागतं, चुकलं तर काय होईल, ते लिहायचं. अभ्यासक्रमात हे पहिल्याच सत्रात येतं. मी म्हटलं, कुकर लावा.

पहिल्या दिवशी त्यांनी सहा पायऱ्या लिहून आणल्या. तांदूळ धुणं, डाळ धुणं, पाणी, भांडी आत ठेवणं, झाकण, गॅस. मी कागद परत दिला. दुसऱ्यांदा एकोणीस. तिसऱ्यांदा शेचाळीस, आणि त्यात शिट्टीही होती.

त्यांच्याकडे आत बसणाऱ्या झाकणाचा कुकर आहे. ते झाकण तिरकं करून आत घालावं लागतं, मग सरळ करून वर ओढावं लागतं आणि दांडा दांड्यावर बसवावा लागतो. म्हणजे दोन्ही हात वेगवेगळं काम करणार, मनगट वळणार, आणि झाकण कुठल्या कोनात आत जाईल हे डोळ्यांनी आधी ओळखावं लागणार. उजव्या मेंदूला इजा झालेल्या माणसाचं नेमकं तिथे अडतं. रबरी रिंग बसली का हे बोटांना कळायला हवं. आणि शिट्ट्या! इकडे कांदा चिरत असताना तिकडे मोजणी चालू ठेवायची, दोन झाल्या की तीन हे लक्षात ठेवायचं, तिसरी झाली की हातातलं सोडून उठायचं. फोनवर रडू येत असतानासुद्धा वहिनींचं हे सुटलं नव्हतं. लक्ष विभागून ठेवण्याची यापेक्षा चांगली चाचणी मी रुग्णालयात पाहिलेली नाही. छापील चाचण्यांमध्ये आकडे आणि अक्षरं जोडायला देतात. पुण्यातल्या आजीला त्यापेक्षा कुकर लावायला सांगावा, लगेच कळेल.

दुसरी गोष्ट, एक अख्खा रविवार उजवा हात ओढणीने पोटाशी बांधून घालवायचा. नियम एकच, घरात कुणाची मदत मागायची नाही आणि कुणी दिली तर घ्यायची नाही. सलवारची नाडी बांधायला सतरा मिनिटं लागली. शेवटी दातात धरून बांधली. दुपारी नवऱ्याने न सांगता मोसंबं सोलून दिलं, तर त्या त्याच्यावर खेकसल्या. संध्याकाळी फोनवर म्हणाल्या, "त्याने सोललं ना ताई, तेव्हा मला पहिल्यांदा अपंग झाल्यासारखं वाटलं. नाडीच्या वेळी नव्हतं वाटलं."

यावर मी काहीच बोलले नाही.

तिसरी गोष्ट, हात मांडीखाली ठेवणं. ही कुठल्या पुस्तकात नाही. माझ्या पहिल्या नोकरीतल्या वरिष्ठ बाईंनी मला शिकवली होती. रुग्ण धडपडत असताना आपण शेजारी खुर्चीवर बसायचं आणि दोन्ही हात आपल्या मांड्यांखाली दाबून ठेवायचे. मदतीचा झटका आधी हातात येतो, डोक्यात नंतर. हात काढेपर्यंत जी दोन सेकंदं जातात, तेवढ्यात विचार करायला सवड मिळते. रुग्ण पडणार असेल तर हात आपोआप निघतातच, त्याची काळजी नको. वहिनींनी याचा सराव धाकट्यावर केला: बुटाची नाडी, डबा भरणं, शर्टाची बटणं. दोन आठवडे शाळेची बस चुकत राहिली.

मदतीलाही माप असतं हे त्यांना नवीन होतं. रुग्ण स्वतः पाऊण किंवा जास्त काम करत असेल तर ती किमान मदत. अर्ध्यापासून पाऊणपर्यंत करत असेल तर मध्यम. पाव ते अर्धं करत असेल तर कमाल. त्याहीपेक्षा कमी असेल तर पूर्ण परावलंबी. आणि किमान मदतीच्याही वर 'नुसता हात जवळ ठेवणं' अशी एक पायरी आहे. रोजच्या नोंदीत हे लिहावं लागतं आणि विमा कंपनी ते वाचते. वहिनींनी हे माप लावून पुण्यातले सात महिने मागे तपासले. आकडे मला दाखवले नाहीत.

कागदपत्रांची धावपळ

हे थोडक्यात, पण मिरज-सांगली-पुण्याकडून आलेल्या कुणाला उपयोगी पडेल म्हणून. आपल्या पिढीच्या लसीकरणाचे कागद बहुधा नसतातच. मग रक्तात प्रतिपिंड तपासतात. वहिनींना कांजण्या-गोवराचं संरक्षण निघालं, हिपॅटायटिस बीचं नाही. त्याचे तीन डोस सहा महिन्यांत पसरलेले असतात, म्हणून प्रवेशाची वाट न बघता आधीच सुरू करावेत. क्षयाची त्वचेवरची चाचणी बीसीजी घेतलेल्यांमध्ये खोटी सुजू शकते. त्याऐवजी रक्तातली चाचणी मागून घ्यावी, म्हणजे छातीच्या एक्स-रेचा फेरा वाचतो. सीपीआरचं प्रमाणपत्र आरोग्यसेवकांच्या प्रकारातलं हवं, आणि त्याचं प्रात्यक्षिक समोर करावं लागतं. गुन्हेगारी नोंदींची तपासणी आणि लघवीतली ड्रग चाचणी आहेच. शरीररचनेचे गुण काही कॉलेजं पाच किंवा सात वर्षांनंतर धरत नाहीत, त्यामुळे 'आधी विषय करून ठेवू, मुलं मोठी झाली की बघू' हे चालत नाही. एच-फोर व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर आलेल्या बायकोला, शिकता येतं, पगारी नोकरीला मात्र ईएडी हे कामाचं परवानापत्र लागतं. वहिनींकडे ते होतं.

पैशांबद्दल त्यांच्या नवऱ्याने विचारलं, ते बरोबरच होतं. मी दोन्ही बाजू सांगितल्या. मागणी आहे, म्हातारे वाढताहेत. पण १ जानेवारी २०२२ पासून बाह्यरुग्ण सेवेत असिस्टंटने दिलेल्या उपचारांसाठी मेडिकेअर, म्हणजे म्हाताऱ्यांचा सरकारी विमा, नेहमीच्या रकमेच्या ८५ टक्केच देतं. त्याचा दाब शेवटी असिस्टंटच्या तासांवर येतो. काही केंद्रांत तर मिनिटामिनिटाचा हिशेब मागतात. अशा एका ठिकाणी मी दीड वर्ष काढलंय. तिथे आजीला स्वेटर घालायला दहा मिनिटं देणं ही चैन होती आणि आम्ही ती चोरून करायचो. वहिनींना हे आधीच माहीत असावं असं मला वाटलं. "मग मास्टर्सच का करू नये?" असंही नवऱ्याने विचारलं. वहिनींनीच उत्तर दिलं: "मला योजना लिहायची नाहीये. मला त्या खोलीत बसायचंय."

दुसरी फेरी

वीस तास पुन्हा केले, दुसऱ्या केंद्रात. तिथे एक निवृत्त पोस्टमन होते. खुब्याचा सांधा बदललेला, कमरेतून काटकोनापलीकडे वाकायला बंदी. लांब दांड्याच्या साधनाने ते मोजे घालायचा प्रयत्न करत होते आणि शिव्या देत होते. वहिनी बावीस मिनिटं बसून राहिल्या. मोजा घालून झाल्यावर त्यांनी वहिनींना विचारलं की तू काय फक्त बघायलाच येतेस का. "हो," त्या म्हणाल्या. या वेळच्या शेऱ्यात वावगं काही नव्हतं.

निबंध नव्याने लिहिला. त्यात सेवा हा शब्द नव्हता, ताट होतं. इंग्रजीत चटणी-कोशिंबिरीची जागा समजावून सांगायलाच एक परिच्छेद गेला. मी म्हटलं कापा. त्यांनी कापला नाही, आणि त्यांचंच बरोबर होतं.

मुलाखतीत विचारलं: रुग्ण म्हणतो, मला नाही करायचं, माझी सून करेल; तुम्ही काय कराल? वहिनी म्हणाल्या, "मी त्या सुनेला आत बोलवीन आणि तिला बसायला खुर्ची देईन." समिती हसली. त्यांना विनोद वाटला असावा.

या फेब्रुवारीत प्रवेशाचं पत्र आलं. ऑगस्टच्या शेवटी वर्ग सुरू होतील. सासूबाईंची डावी बाजू अजून पूर्ण परतलेली नाही, इतक्या उशिरा ती पूर्ण परतेल असं मी कुणाला सांगणारही नाही. पण ताटाला लाल पट्टी लागली आहे आणि भरवणं बंद झालंय. नणंद सुरुवातीला चिडली होती, आईचे हाल करताय म्हणून. आता व्हिडिओ कॉलवर ती स्वतःच ओरडते, "आई, लाल! लाल बघ!"

एक अडचण राहिली आहे. शेवटच्या सोळा आठवड्यांचं काम कॉलेज जिथे देईल तिथे करावं लागतं, ते तासभर लांबही असू शकतं, आणि वहिनी नऊ वर्षांत कधी टर्नपाइकवर, म्हणजे इथल्या मोठ्या महामार्गावर, गाडी घेऊन गेलेल्या नाहीत. परवाना आहे, हिंमत नव्हती. मागच्या रविवारी सकाळी सात वाजता, रस्ता मोकळा असताना, त्यांनी पहिल्यांदा गाडी त्यात घातली. डाव्या बाजूने एक लांबलचक ट्रक येत होता, त्यांनी आरशात बघितलं होतं की नाही हे मला कळत नव्हतं. मी शेजारच्या सीटवर होते, दोन्ही हात मांडीखाली दाबून.